अर्धं उघडलेलं पुस्तक

पुस्तकं विकणारा माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या हातात एखादं कोरं पुस्तक द्यावं आणि तो ते किती उघडतो ते बघावं. पूर्ण उघडणारच नाही. दोन्ही अंगठ्यांनी कडा धरून, नजर आत शिरेल एवढीच फट ठेवून तो वाचेल. कण्यावर एकदा रेघ उमटली की पुस्तक नवं राहत नाही, आणि वाचून झाल्यावर ते परत फळीवर जायचं असतं. ही सवय माझ्या अंगात इतकी मुरली आहे की घरातली, माझीच, कधीही न विकायची पुस्तकंसुद्धा मी अशीच वाचते. समासात टिपणं नाहीत, कोपरे दुमडलेले नाहीत, कण्यावर एक सुरकुती नाही. माझं कपाट बघून कोणालाही वाटेल, या बाईनं यातलं एकही वाचलेलं नाही.

पुष्कळदा ते खरंही असतं. पुस्तकांच्या व्यवसायातली माणसं दिवसभर वाचत बसतात, ही समजूत मी आता खोडून काढत नाही. ती ऐकायला बरी वाटते. प्रत्यक्षात दिवस जातो पार्सलं फोडण्यात, याद्या ताडून बघण्यात, न खपलेल्या प्रतींचे परतीचे गठ्ठे बांधण्यात. वाचन होतं ते मधल्या फटींमध्ये, उभ्यानं, एक कान दाराकडे ठेवून. त्यामुळे माझं वाचन फार रुंद आणि फार उथळ आहे. शेकडो पुस्तकांची वीस-पंचवीस पानं मला नीट माहीत आहेत.

ही पानं पहिली नसतात. पहिल्या पानावर माझा विश्वास नाही. लेखकानं ते सगळ्यांत जास्त वेळा घासलेलं असतं, संपादकानं त्यावर सगळ्यांत जास्त वेळ घालवलेला असतो. मी पुस्तक मधून उघडते. दोनशे पानांची कादंबरी असेल तर एकशे दहाच्या आसपास. तिथे लेखक दमलेला असतो, वाचकाला भुरळ घालायची गरज संपलेली असते, शेवट अजून लांब असतो. तिथली वाक्यं कशी चालतात ते बघितलं की बाकीचा अंदाज येतो. मग ऋणनिर्देश वाचते. मलपृष्ठावरची स्तुती अजिबात वाचत नाही, कारण लेखकाचे मित्र, त्याचे शिक्षक आणि त्याच प्रकाशकाचे इतर लेखक मिळून ती लिहितात हे सगळ्यांना ठाऊक आहे. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सायमन अँड शुस्टरच्या मुख्य विभागाच्या प्रमुखानं जाहीर केलं की यापुढे आपल्या लेखकांना अशी शिफारसवाक्यं गोळा करत फिरायची सक्ती नाही. मला आनंद झाला. मलपृष्ठं अजून रिकामी झालेली दिसत नाहीत, तो भाग वेगळा.

पण सगळ्यांत मोठी सवय याहून निराळी आहे, आणि ती सुटण्यासारखी नाही. वाचताना माझ्या शेजारी कायम कोणीतरी बसलेलं असतं. दहाव्या पानावर वाटतं, हे त्या निवृत्त शिक्षकांना आवडेल. तिसाव्या पानावर वाटतं, नाही, त्यांना हा विषय झेपणार नाही, पण दर महिन्याला येणाऱ्या त्या मुलीला द्यावं. पुस्तक संपतं तेव्हा माझ्याकडे मत नसतं, दोन-तीन माणसं असतात. कोणी विचारलं, ‘तुम्हाला कसं वाटलं?’ तर क्षणभर गोंधळायला होतं. मला म्हणजे नेमकं कोणाला?

जॉर्ज ऑरवेल 1934-35 च्या सुमारास लंडनच्या हॅम्पस्टेड भागात एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात काम करत होता. त्या दिवसांबद्दल त्यानं 1936 मध्ये एक लेख लिहिला. त्यात तो म्हणतो की तिथे असताना आपलं पुस्तकांवरचं प्रेमच गेलं. विकणाऱ्याला पुस्तकांबद्दल खोटं बोलावं लागतं, त्यातून त्यांच्याविषयी नावड निर्माण होते, आणि त्याहून वाईट म्हणजे सतत त्यांची धूळ झटकावी लागते. धुळीबद्दल तो शंभर टक्के बरोबर आहे. खोट्याबद्दल मात्र माझा अनुभव वेगळा. सरळ खोटं फारसं बोलावं लागत नाही. ‘खूप जण घेऊन जातात’ हे वाक्य बहुतेक वेळा खरं असतं आणि त्यात माझं मत नसतं, एवढंच. प्रेम गेलं असंही मी म्हणणार नाही. पण ते वाटलं गेलं आहे. प्रत्येक पुस्तकावरचं थोडं थोडं प्रेम त्या शेजारी बसलेल्या माणसाच्या वाट्याला जातं. त्याच लेखात एक वृद्ध बाई येते. तिला पुस्तकाचं नाव आठवत नाही, लेखक आठवत नाही, कव्हर लाल होतं एवढं आठवतं. ही बाई अजून येते. फरक इतकाच की आता तिच्याकडे फोनवर काढलेला अस्पष्ट फोटो असतो.

गेल्या दोन-तीन वर्षांतली पुस्तकं याच वाटेनं माझ्याकडे आली. समांथा हार्वी यांच्या ‘ऑर्बिटल’चं उदाहरण घ्या. 2024 चं बुकर मिळालं आणि ते टेबलावर सगळ्यांत पुढे आलं. अवकाशस्थानकातली सहा माणसं, एक दिवस, पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या. इंग्रजी आवृत्तीची पानं 136. कमी पानांचं पुस्तक लोक धीटपणे उचलतात. एका बैठकीत होईल, असं म्हणत नेतात आणि आठवड्यानं तोंड पाडून सांगतात, ‘यात काही घडतच नाही हो.’ खरंच फारसं घडत नाही. खाली प्रशांत महासागरावर एक वादळ मोठं होत जातं. एका जपानी अंतराळवीर बाईला आई गेल्याचं कळतं आणि तिला खाली येता येत नाही. यंत्र बिघडत नाही, कट शिजत नाही, दोरी तुटून कोणी अंधारात वाहून जात नाही. सावकाश वाचायचं हे पुस्तक आकारामुळे नेमकं घाईतल्या माणसाच्या हाती पडतं, ही त्याची खरी अडचण.

माझी तक्रारही सांगते. दहाव्या फेरीच्या आसपास खंडांची, ढगांची, समुद्रावरच्या चकाकीची वर्णनं एकमेकांत मिसळायला लागली आणि मी आफ्रिका दोन ओळींत ओलांडली. सुंदर वाक्यं लागोपाठ आली की त्यांचं सौंदर्य बोथट होतं, हे या लेखिकेला कोणीतरी सांगायला हवं होतं. पण त्या जपानी बाईनं केलेल्या छोट्या छोट्या याद्या येतात तिथे पुस्तक एकदम जमिनीवर येतं. दुःख झालेला माणूस यादी करतो. हे मी इतक्या साधेपणानं लिहिलेलं फार कमी ठिकाणी वाचलं आहे. पुढे मी हे पुस्तक फक्त रात्रपाळी करणाऱ्यांना द्यायला लागले. दिवसातून सोळा वेळा सूर्य उगवतो म्हणजे झोपेचं काय होतं, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. त्यांच्यापैकी अजून कोणी तक्रार घेऊन आलेलं नाही.

‘कथासंग्रहाला उठाव नसतो’ हे या धंद्यातलं पिढीजात वाक्य. प्रकाशक ते वितरकाला सांगतो, वितरक आम्हाला सांगतो, आम्ही लेखकाला सांगतो. 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पहिल्यांदाच एका कथासंग्रहाला मिळालं. बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथा, दीपा भास्ती यांचा इंग्रजी अनुवाद, नाव ‘हार्ट लॅम्प’. बारा कथा, 1990 ते 2023 या काळात लिहिलेल्या. लेखिका पेशानं वकील, आणि ते वाचताना जाणवतं. साक्षीदाराला मध्येच न तोडता बोलू द्यायचं आणि मग अचानक एक प्रश्न टाकायचा, अशी त्यांच्या कथांची चाल आहे. घरातल्या बायका, त्यांचे नवरे, मशिदीचा कारभार बघणारे मुतवल्ली, मुलं, सगळे भरभरून बोलतात. काही कथांत लेखिकेचा राग पात्राला बाजूला सारून स्वतःच पुढे येतो. समीक्षक याला दोष म्हणतील. मला तो दोष वाटत नाही, निदान शेवटच्या कथेत तरी नाही. तिथे थेट देवालाच एकदा बाई होऊन बघ म्हणून सुनावलेलं आहे, आणि ते दबक्या आवाजात सांगता आलं नसतं. दोन कथा मात्र मला पत्रकासारख्या वाटल्या, तेही खरं. अनुवादात मूळ शब्द तिरक्या टाइपात घातलेले नाहीत, खाली तळटीपा नाहीत. वाचक अडखळला तर अडखळू दे, असा बाणा. या पुरस्काराची रक्कम लेखक आणि अनुवादक अर्धी अर्धी वाटून घेतात हे ऐकल्यावर गिऱ्हाइकं अनुवादकाचं नाव शोधायला लागतात. ही माहिती मी मुद्दाम सांगते.

पर्सिव्हल एव्हरेट यांच्या ‘जेम्स’बद्दल एकच प्रश्न येतो. आधी मार्क ट्वेनचं ‘हकलबेरी फिन’ वाचायला हवं का? मी सांगते, नंतर वाचा. ट्वेननं 1884 मध्ये ज्या गुलामाला जिम म्हणून तराफ्यावर बसवलं, त्याच्याच तोंडून एव्हरेट सगळी गोष्ट सांगतात. सुरुवातीलाच जेम्स लहान मुलांची शिकवणी घेताना दिसतो. गोऱ्यांसमोर मोडकंतोडकं कसं बोलायचं, म्हणजे त्यांना बरं वाटेल, याची शिकवणी. मी ते उभ्यानं वाचत होते आणि मोठ्यानं हसले. शेवटचा भाग घाईचा आहे, पण त्या शिकवणीसाठी मला बाकी सगळं माफ. 2025 चं पुलित्झर मिळालं म्हणून ते खपतं आहे, पण ते मिळालं नसतं तरी मी पुढेच ठेवलं असतं.

ड्रॅगनच्या कादंबऱ्यांविषयी माझ्या व्यवसायबंधूंचा सूर जरा तुच्छतेचा असतो. रेबेका यारोस यांचं ‘ऑनिक्स स्टॉर्म’ 2025 च्या जानेवारीत आलं आणि अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात त्याच्या 27 लाखांहून जास्त प्रती गेल्या. मी त्या मालिकेतलं पहिलं पुस्तक वाचलं आहे. वाक्यं ओबडधोबड आहेत. नायिकेला जे शंभराव्या पानावर कळतं ते वाचकाला विसाव्यावर कळलेलं असतं. तरीही मी ते खाली ठेवलं नाही. आणि एक गोष्ट मी कपाटाच्या या बाजूनं रोज बघते. पुस्तक पूर्ण करून दुसऱ्याच दिवशी पुढचा भाग मागायला येणारा वाचक गंभीर साहित्याच्या टेबलापाशी मला क्वचित भेटतो. तिथले लोक पुरस्काराचं पुस्तक नेतात आणि पुढच्या वर्षी पुढच्या पुरस्काराचं नेतात. मधलं वाचून झालं की नाही, हे विचारायचं नसतं. मीही विचारत नाही, कारण तेच माझ्यावर उलटेल. फक्त पानांच्या कडा रंगवलेल्या त्या खास आवृत्त्या हाताळताना जीव टांगणीला लागतो. त्या तर मी फटीतूनही उघडत नाही.

मला खरोखर वैताग आणणारा प्रकार वेगळाच आहे. पुस्तकांच्या दुकानावरच्या कादंबऱ्या. जपान आणि कोरियातून त्यांची रांगच लागली आहे. मुखपृष्ठावर उबदार खिडकी, खिडकीत मांजर. थकलेली, नोकरी सोडलेली, प्रेमात पोळलेली माणसं दुकानात येतात आणि फळ्यांमध्ये बसून बरी होतात. ‘डेज ॲट द मोरिसाकी बुकशॉप’ जपानीत 2010 चं, इंग्रजीत 2023 मध्ये आलं आणि धो धो चाललं. त्यात वाईट काही नाही. हळवं आहे, छोटं आहे, दुखऱ्या माणसाला खरंच बरं वाटतं. पण या एकाही कादंबरीत मला वाळवी भेटली नाही. कोणी परतीचा गठ्ठा बांधत नाही, वितरकाशी भांडत नाही, हिशेबात एक प्रत कमी का पडते म्हणून रात्री पुन्हा पुन्हा मोजत नाही. आमच्या धंद्याला सगळ्या जगाचं विश्रामगृह करून टाकलं आहे. आणि गंमत अशी की या कादंबऱ्यांचा खप चांगला आहे, म्हणून मी त्या गल्ल्याजवळच ठेवते.

मध्यंतरी न लिहिल्या गेलेल्या पुस्तकांचीही मागणी सुरू झाली. 2025 च्या मे महिन्यात शिकागोच्या एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत सुट्टीत वाचायच्या पंधरा पुस्तकांची यादी छापून आली. त्यातली दहा अस्तित्वातच नव्हती. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून यादी करवून घेतली होती. लेखक नामांकित, खरे. पुस्तकं कल्पित. बातमी वाचून लोक हसले, मला मात्र ती यादी वाचताना त्यातली एक-दोन मागवावीशी वाटली. पुस्तकांचे सारांश इतके ओळखीचे होते की असं काहीतरी कोणीतरी लिहिलंच असेल असं वाटावं. सध्याच्या कादंबऱ्यांवरची याहून बोचरी टीका मी वाचलेली नाही.

‘नवीन काय आलंय?’ हा दिवसातला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न. त्याचं उत्तर प्रकाशनाच्या तारखेवर अवलंबून नसतं, हे कळायला मला वेळ लागला. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये लास्लो क्रास्नाहोरकाई यांना नोबेल जाहीर झालं आणि 1985 ची ‘सातानतांगो’ ही कादंबरी एका दुपारीत नवी झाली. त्याच्या आदल्या वर्षी हान कांग यांना नोबेल मिळाल्यावर कोरियात आठवडाभरात त्यांच्या पुस्तकांच्या दहा लाखांहून जास्त प्रती गेल्या. त्यात 2007 चं ‘द व्हेजिटेरियन’ही होतंच. ती दोन्ही पुस्तकं तशीच होती, शब्दानं बदलली नव्हती. उलटही होतं. जॉन विल्यम्स यांची ‘स्टोनर’ 1965 मध्ये आली, दोनेक हजार प्रती गेल्या, वर्षभरात छपाई थांबली. लेखक 1994 मध्ये गेले. पुढे 2000 नंतर नव्या आवृत्त्या निघाल्या आणि 2010 नंतर तीच कादंबरी युरोपातल्या अनेक देशांत खपाच्या याद्यांत आली. इंग्रजी शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाचं अत्यंत बेताचं, न गाजलेलं आयुष्य. ती जाहिरातीनं चालली नाही. कोणीतरी कोणाच्या तरी हातात दिली, म्हणून चालली. आमच्यासारख्यांना या हकिकतीचा थोडा जास्तच अभिमान वाटतो, आणि आपण 1965 मध्ये असतो तर तीच कादंबरी परतीच्या गठ्ठ्यात बांधली असती, हे सोयीस्करपणे विसरायलाही होतं.

क्रास्नाहोरकाई वाचताना माझी पंचाईत झाली ती वेगळ्याच कारणानं. ‘हा परिच्छेद संपला की थांबू’ या बोलीवर माझं सगळं वाचन चालतं. ‘सातानतांगो’मध्ये प्रत्येक प्रकरण म्हणजे एकच सलग परिच्छेद. थांबायला जागा नाही. कोणी बिलासाठी समोर उभं राहिलं की मी चिखलातून, पावसातून, दारूच्या गुत्त्यातून ओढून काढल्यासारखी वर बघायची आणि परत आल्यावर कुठे होते ते सापडायचं नाही. शेवटी ती घरी नेली. अशी घरी न्यावी लागलेली पुस्तकं फार थोडी. ती कोणाला द्यावी याचा विचार मात्र तिथेही सुटला नाही. तिसऱ्या प्रकरणात एक नाव सुचलंच.

डेव्हिड सॉलॉय यांचं ‘फ्लेश’, 2025 चं बुकर, याबाबत मी अजून अडखळते आहे. हंगेरीतल्या एका मुलाचं आयुष्य किशोरवयापासून पुढे जातं. सैन्य, स्थलांतर, श्रीमंती, घसरण. आणि हा इस्तवान विचारलेल्या बहुतेक प्रश्नांना ‘ओके’ एवढंच उत्तर देतो. त्याच्या आत काय चाललंय ते लेखक सांगत नाही आणि तोही सांगत नाही. बांधणी उत्तम आहे, थंडी वाजावी इतकी उत्तम. एका वाचकानं ते नेलं आणि म्हणाला, माझे वडील असेच बोलायचे. दुसरीनं अर्ध्यावर सोडलं, दगडाशी किती वेळ बोलायचं म्हणून. दोघंही बरोबर आहेत असं मला वाटतं, म्हणून मी ते कोणाला आपणहून सुचवत नाही.

शेजारी कोणी न बसता वाचलेलं अलीकडचं पुस्तक एकच. गेओर्गी गोस्पोदिनोव हे बल्गेरियन लेखक ‘टाइम शेल्टर’मुळे माहीत होते. 2023 चं आंतरराष्ट्रीय बुकर, विस्मरणाच्या रुग्णांसाठी जुनी दशकं मजल्यामजल्यांवर उभी करणारं रुग्णालय, पुढे अख्ख्या देशांनी आपलं आवडतं दशक मतदानानं निवडणं. कल्पना अफाट, पण उत्तरार्धात ती कल्पनाच कादंबरीला फरपटत नेते. त्यांचं पुढचं ‘डेथ अँड द गार्डनर’ इंग्रजीत 2025 मध्ये आलं, अनुवाद पुन्हा अँजेला रोडेल यांचाच. बाग करणाऱ्या वडिलांचे शेवटचे दिवस आणि उशाशी बसलेला मुलगा. यात अफाट काही नाही. आजारपण, जुन्या आठवणी, मागे राहिलेली झाडं. मी ते सुरू केलं आणि बऱ्याच पानांनी लक्षात आलं की एकही नाव मनात आलेलं नाही. पुस्तक मी सपाट उघडून मांडीवर ठेवलं होतं.

ते विकताना काय सांगायचं, हे मला ठरवता आलेलं नाही. मी त्याबद्दल तोंड उघडलं की माझ्याच घरातलं काहीतरी बाहेर येईल असं वाटतं, म्हणून गप्प बसते. इकडे मदतीला येणाऱ्या मुलानं शीर्षक बघून त्याच्या प्रती बागकामाच्या फळीवर, खतं आणि कुंड्यांच्या पुस्तकांमध्ये लावल्या. मी त्या हलवल्या नाहीत. गुलाबाची कलमं कशी बांधायची त्याचं पुस्तक हवं असलेल्या एका बाईंनी तिथून दोन पुस्तकं उचलली, एक कलमांचं आणि एक हे. मी दोन्हींचं बिल केलं. कलमांचं पुस्तक त्यांनी बदलून नेलं, चित्रं कमी होती म्हणून. दुसऱ्याबद्दल काही बोलल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही.